साधं व्हायरल

गेल्या आठवड्यात मी आमच्या फाटकावर एक पाटी लावली. चिकूच्या जुन्या खोक्याची फळी घेतली, खिडक्या रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट घेतला आणि ठसठशीत लिहिलं, ‘सर्दी, खोकला, ताप असल्यास आत येऊ नये.’ हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवतो. अक्षर बरं आहे, आशय स्पष्ट आहे, आता हा विषय संपला, अशा समाधानात मी दुपारी जरा आडवा झालो.

संध्याकाळपर्यंत अर्धं नरपड गाव आमच्या ओट्यावर होतं.

शेजारच्या हिराकाकी तांदळाच्या पेजेचं पातेलं घेऊन आल्या. आरोग्य केंद्राच्या आशाताई वही घेऊन आल्या आणि घरात किती जणांना ताप आहे ते विचारू लागल्या. पलीकडच्या वाडीतला गोविंद तर थेट पडवीत येऊन बसला आणि खोकत खोकत म्हणाला, “पाटी वाचली मास्तर, म्हणून धावत आलो. म्हटलं, वहिनींना जास्तच झालंय वाटतं.”

“अरे गोविंदा, पाटी तुझ्यासाठीच लावलीय. तूच खोकतोयस!”

“माझं काय घेऊन बसलात. साधं व्हायरल आहे.”

आमच्याकडे ‘आत येऊ नका’ असं कोणी लिहीत नाही. कोणी लिहिलंच, तर आत काहीतरी भयंकर घडलंय असाच अर्थ निघतो, आणि भयंकर घडलं असेल तर जाऊन बघणं आलंच. आजाऱ्याला बघायला गेलं नाही, तर पुढची दहा वर्षं ते काढलं जातं. इतकी वर्षं या गावात राहून मला हे सुचू नये, याला काय म्हणावं? माझी बायको सुनंदा मास्क लावून आतल्या खोलीच्या खिडकीत उभी होती. तिचे फक्त डोळे दिसत होते, पण ती हसत होती हे कळायला तेवढे पुरे होते. दुसऱ्या दिवशी मी पाटी काढून कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकली. कोंबड्या ती काटेकोरपणे पाळतात.

साधं. या शब्दाचा मला जेवढा राग येतो, तेवढा शिवीचाही येत नाही. शिवी देणाऱ्याला निदान आपण काय देतोय ते माहीत असतं. “साधं व्हायरल आहे” म्हणणारा माणूस मात्र अगदी प्रेमाने, धीर देत, खांद्यावर हात ठेवून म्हणतो. आणि तोच हात नुकताच तोंडावर धरलेला असतो.

हा ऋतूच तसा आहे. भात घरात आलेलं असतं. डोंगराकडच्या पाड्यांवर नागली झोडपून झालेली असते, खळी रिकामी झालेली असतात. पहाटे वाडीत गेलं की चिकूच्या पानांवरून दंव इतकं टपटपतं की डोक्याला टॉवेल गुंडाळावा लागतो. किनाऱ्याकडून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो, डोंगराकडून जळत्या पेंढ्याचा. सकाळी गारठा, दुपारी घाम. तलासरीच्या पुढे हायवेच्या कडेला उबाडियूवाले मातीची मडकी उलटी करून पेटवतात. आत पापडीच्या शेंगा, रताळी आणि कोनफळ भाजत असतं, आणि त्या धुराने गाडीत बसल्या बसल्या भूक लागते. लग्नसराई सुरू झालेली असते. चारोटी नाक्यावर वरातीच्या गाड्या चहाला थांबतात. पिवळ्या कपाळांची माणसं, झोपलेली पोरं, पुढच्या काचेला झेंडूच्या माळा. आणि या सगळ्यावर, वाद्यांच्या आधी आणि वाद्यांच्या नंतर, खोकला. बसमध्ये खोकला, बँकेत खोकला, आरतीत खोकला.

एके काळी हा माझा सगळ्यात आवडता ऋतू होता. आता दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते आणि मागच्या बाकावरचं पहिलं पोर खोकतं, तेव्हा मी कविता अर्धवट सोडून म्हणतो, “खिडक्या उघडा.” पोरं म्हणतात, “सर, थंडी आहे.” मी म्हणतो, “असू दे.” शाळेत माझं नाव काय पडलंय ते मला ठाऊक आहे; इथे सांगण्यासारखं नाही. घरी आलो की मागच्या दाराने जायचं, कपडे बादलीत टाकायचे, नळाखाली अंघोळ करायची. डिसेंबरात मोकळ्यावर गार पाण्याने अंघोळ करणारा पोट सुटलेला माणूस, हे दृश्य काही फार वीरश्रीचं नसतं. पण करतो. कारण आमच्या घरात तो खोकला येण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे मीच.

सुनंदाला आमवात आहे. डॉक्टरी भाषेत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. तो सुरू झाला तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती. सकाळी उठली की बोटं मिटायची नाहीत, तासभर गरम पाण्यात हात धरून बसायची. चिकूची प्रतवारी करताना फळ हातातून निसटायचं. लोकांनी सांगितलं, वात आहे, तेल लावा. तेल लावलं. मग सांगितलं, आंबट सोडा. आंबट सोडलं. मग कोणी सांगितलं, बाहेरचं आहे. बाहेरचंही पाहून घेतलं, आता काय लपवायचं! अखेर मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि कागदावर चित्र काढून मला समजावलं. मी मान डोलावली, पण कळलं काहीच नाही. घरी आल्यावर बापाची आठवण झाली, तेव्हा कळलं.

माझा बाप तलासरीकडचा. एका वाडीवर राखणदार म्हणून तो नरपडला आला आणि इथलाच झाला. आज आमची स्वतःची चिकूची थोडी झाडं आहेत ती त्याच्या त्या राखणीची कमाई. हातात दांडका, कमरेला बॅटरी, पानाचा आवाज झाला तरी उठणारा माणूस. आता समजा, रोगांना अडवणाऱ्या आपल्या अंगातल्या राखणदाराचं डोकं फिरलं. त्याला मालकच चोर वाटू लागला. तो रोज पहाटे उठतो आणि मालकाच्याच सांध्यासांध्यावर दांडके घालतो. ओरडून काय उपयोग? त्याला हाकलूनही देता येत नाही. दुसरा राखणदार मिळत नाही. मग एकच उपाय उरतो, त्याला थोडी थोडी ताडी पाजायची. इतकी की त्याचा हात चालू नये, पण डोळा अगदीच लागू नये. सुनंदाची औषधं म्हणजे ती ताडी. आठवड्याला एकदा घ्यायची गोळी, रोजची छोटी स्टेरॉइडची गोळी, आणखी काही. त्यांच्यामुळे ती पुन्हा चिकू निवडू लागली, पोळ्या लाटू लागली, माझ्याशी भांडू लागली.

पण राखणदार पेंगतोय हे चोरांनाही कळतं.

मला लोकांना हे सांगता येत नाही. ज्या सर्दीला तुम्ही आलं घालून चहा करता आणि विसरून जाता, ती आमच्या फाटकातून आत आली की तिला अडवायला कोणी उठत नाही. ती थेट छातीत उतरते. आणि एवढ्यावरही थांबत नाही. तिच्या गडबडीने तो राखणदार दचकून जागा होतो, दांडका उचलतो, आणि चोर निघून गेल्यावरही महिनोन्‌महिने मालकालाच बडवत बसतो. म्हणजे सर्दी एक आणि मार दोन. यात साधं काय आहे ते मला कोणीतरी येऊन सांगावं. खोकला नसलेल्याने.

त्या मोठ्या साथीच्या वर्षाची आठवण निघाली की मला अजून कानशिलं तापल्यासारखी वाटतात. सुनंदा रोज एक गोळी घेते, मलेरियाची म्हणून ओळखली जाणारी. त्या वर्षी कोणीतरी उठवलं की ती घेतली की साथ लागत नाही. झालं! धडधाकट माणसांनी डबे भरून ठेवले. मी डहाणूच्या सगळ्या दुकानांतून हात हलवत परत आलो. आमच्याच ओळखीचा एक गृहस्थ मला म्हणाला, “आमच्याकडे आहेत चार पाकिटं, पण घरातल्या माणसांना पुरायला हवीत ना.” त्याच्या घरात कोणाचंही बोट वाकडं नव्हतं. मी नमस्कार करून निघालो. माझा राग नेहमी असाच, घरी पोचल्यावर फुटतो. वाटेत तो फार सभ्य असतो.

तर आता त्या लग्नाबद्दल सांगतो.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत सुनंदाच्या भाच्याचं, नितेशचं लग्न ठरलं. सुनंदाचं माहेर सायवनला, आत एका पाड्यावर. भात आणि नागली पिकवणारं घर. तिचा धाकटा भाऊ शंकर, त्याचा हा एकुलता एक मुलगा. त्यांच्या घरात पहिली हळद नवऱ्याची आत्या लावते. तिचा हात लागल्याशिवाय बाकी कोणी हळदीच्या ताटाला शिवत नाही. गाणी थांबतात, वाजंत्री थांबतात, सगळं आत्येसाठी अडून राहतं. सुनंदाने हळदीचं लुगडं दोन महिने आधी काढून उन्हाला दिलं होतं.

आणि पाड्यावर घरोघर खोकला. सुनंदाची आई तर पंधरवडा खोकत होती. आदल्या हिवाळ्यात सुनंदाला एकदा छातीत कफ होऊन वाईट दिवस बघावे लागले होते, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, साथीच्या दिवसांत बंद मांडवात, गर्दीत जायचं नाही. फ्लूची लस तिने घेतली होती, मीही घेतली होती, पण ती काही सगळ्या खोकल्यांना पुरत नाही. मग फोन मी केला. सुनंदा समोर बसून गव्हातले खडे काढत होती, माझ्याकडे न बघता.

“शंकर, ऐक. तिला नाही जमणार यायला.”

“का भावजी? बाय रुसली काय?”

“रुसली नाही. तुमच्याकडे सगळे खोकतायत. तिच्या औषधांमुळे तिला ते लगेच धरतं. गर्दी नको म्हणालेत.”

“खोकला तर सगळ्या मुलखात हाय, भावजी. वातावरणच तसं हाय.”

“म्हणूनच म्हणतो. गर्दीत नको.”

पलीकडे मागे कोणीतरी खोकलं. मग शंकर म्हणाला, “बरं. गर्दीत नाय येणार. समजलं.”

मी फोन ठेवला आणि सुनंदाला म्हटलं, “बघ, समजूतदार आहे तुझा भाऊ.” तिने सूप उचललं आणि आत निघून गेली. हळदीच्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. मी मुद्दाम तिच्या आवडीची करंदीची चटणी केली. खारट झाली. ती तेही बोलली नाही.

दिवेलागणीला रस्त्यावरून ढोल ऐकू आला. म्हटलं, कोणाची तरी वरात. ढोल जवळ आला आणि आमच्याच फाटकाशी थांबला. बाहेर जाऊन बघतो तर एक पिकअप आणि मागे एक टेम्पो. पिकअपच्या पुढच्या सीटवर नितेश, कोरं धोतर आणि डोक्याला टॉवेल, मांडीवर झाकलेलं हळदीचं ताट. मागे बायका, पोरं, ढोलवाले, आणि बाकावर अंगभर शाल गुंडाळलेली सुनंदाची आई. शंकर खाली उडी मारून हसत म्हणाला, “बायला गर्दीत यायला नको ना, भावजी? मग हळदच घेऊन आलो. आम्ही घरचीच माणसं. गर्दी नाय!”

सायवनहून नरपडपर्यंत ते सगळे एका ताडपत्रीखाली दाटीवाटीने, खोकत आणि गात आले होते. माझ्या बायकोचा मान राहावा म्हणून.

मी फाटकात दोन्ही हात पसरून उभा राहिलो. आता आठवलं की मी क्रिकेटच्या पंचासारखा दिसत असणार. “खोकला कोणाला आहे?” मी ओरडलो. सगळे एका सुरात म्हणाले, “नाय, नाय!” आणि त्या ‘नाय’च्या शेवटी चौघं-पाचजण खोकले. पोरं खिदळली. एक बाई म्हणाली, “धुळीचा हाय तो, भावजी!” दुसरी म्हणाली, “मास्तर, हजेरी घ्या ना आमची!” ढोलवाल्याने त्यावर एक थाप दिली.

आणि मागून सुनंदा आली. लुगडं नेसून. ती कधी नेसली, कोणासाठी नेसली, मला माहीत नाही. तोंडाला मास्क होता, हे तिचं तिने केलं होतं. माझ्या पसरलेल्या हाताखालून वाकून ती बाहेर गेली. नितेश ताट घेऊन उतरला. तिने वाकड्या बोटांनी हळद उचलली, अंगठा आणि मधलं बोट एवढंच तिला नीट जुळवता येतं, आणि त्याच्या कपाळाला, गालांना, खांद्यांना लावली. बायकांनी गाणं उचललं. मग त्यांनी तिलाही हळद लावली. मास्क आधी पिवळा झाला, मग हनुवटीवर आला, मग गळ्यात लोंबू लागला. तिच्या आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तिच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग मान वळवून खोकली. तेवढी काळजी तिने घेतली, मान वळवली. मी ते पाहिलं.

मी गुळाचा चहा करायला आत गेलो. रागाच्या भरात साखर सांडली. गुळाच्या चहात मी साखर का घालत होतो तेही कळलं नाही.

पुढे फारसं सांगण्यासारखं नाही, म्हणजे सांगवत नाही. दोन-तीन दिवसांत तिला खोकला सुरू झाला. गावातल्या डॉक्टरांनी थर्मामीटर लावला आणि म्हणाले, “ताप विशेष नाही. साधं व्हायरल आहे, चार दिवसांत उतरेल.” ते सज्जन आहेत, त्यांचा दोष नाही. पण सुनंदाच्या औषधांत ताप चढतच नाही. पेंगलेला राखणदार आरोळी ठोकत नसतो. सगळे निर्धास्त, आणि ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून श्वास गोळा करतेय. मुंबईला फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवड्याची गोळी थांबवा, स्टेरॉइडची रोजची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, आणि आजच्या आज दवाखान्यात न्या. इकडे हिराकाकी सांगत होत्या, “त्या गरम गोळ्या आधी सगळ्या बंद कर गो.” मी आयुष्यात पहिल्यांदा एका वडीलधाऱ्या बाईवर ओरडलो. मग वापीला दवाखाना, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि नखांत अजून हळद. परिचारिका पुन्हा पुन्हा तिचं बोट पुसून तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायची आणि गुजरातीत म्हणायची, “हळदर छे, बेन, जती नथी.” हळद आहे, जात नाही.

फुप्फुस सुधारलं. लोक म्हणाले, वाचली, सुटलात. पण सुटका कसली, खरा मार तर नंतर सुरू झाला. घरी आल्यावर सांधे पेटले. मनगटं, गुडघे, जबडासुद्धा. तिला नळ फिरवता येईना, घास चावता येईना, ब्लाउजची बटणं मी लावायचो आणि चुकीच्या काजात लावायचो. वाडीतली माणसं जाळी लावलेले बांबू घेऊन चिकू उतरवायची आणि ती दारात खुर्चीवर बसून बघायची. आंब्याला मोहोर आला, कैऱ्या लागल्या, आंबे उतरले, तरी ते ‘चार दिवसांचं व्हायरल’ आमच्या घरातून गेलं नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हा वाकली ती पुन्हा सरळ झालीच नाहीत.

शंकर दवाखान्यात आला होता. लग्नाचे पेढे घेऊन. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, “भावजी, कुठून लागलं हो हिला?”

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. नुसतं तयार नव्हतं, धार लावून ठेवलेलं होतं. पण तो यायच्या आधीच सुनंदाने नाकातल्या नळीसकट उठून माझा हात धरून सांगितलं होतं, “त्यांना सांगायचं नाही. आईला कळलं तर ती जेवायची नाही.” मी शंकरला म्हटलं, “बाजारात कुठेतरी लागलं असेल.” आणि पेढा खाल्ला.

त्या पेढ्याने माझं दोन वर्षं पोट दुखतंय. कारण ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलंच नाही. ते येत राहिले. प्रेमाने, पिशव्या भरून, नागलीचं पीठ घेऊन, खोकत. आम्ही काही ना काही सांगून खिडकीतून भेटत राहिलो, आणि माहेरी बोभाटा झाला की मास्तरांनी बायको कोंडून ठेवलीय. होतं असं. निष्काळजी माणसावर रागावता येतं, दुष्ट माणसावर तर आनंदाने रागावता येतं. पण ढोल वाजवत, तुमच्या बायकोचा मान घेऊन आलेल्या माणसांवर रागवायचं कसं? मग तो राग कुठे जातो? खुराड्याला ठोकलेल्या पाटीत, वर्गाच्या खिडक्यांत, हिराकाकींवर ओरडण्यात. भलतीकडेच.

परवा शंकरचा फोन आला. नितेशला मुलगी झालीय, सव्वा महिना उलटून गेलाय. रविवारी तिला आत्याआजीला दाखवायला घेऊन येतो म्हणाला. मागे बाळ रडत होतं आणि मध्येच फुरफुरत होतं.

“बाळाला सर्दी आहे का रे?”

“नाक वाहतंय थोडं. बाकी काय नाय. लेकरांचं चालायचंच. आईपण येते म्हणते.”

सुनंदा मागच्या पडवीत चिकू निवडत होती. मी आवाज खाली आणायला हवा होता. नाही आणला. दोन वर्षं आत साठलेलं सगळं बाहेर आलं. म्हटलं, “शंकर, नका येऊ. तुमच्या त्या हळदीतूनच लागलं होतं तिला. बाजारात नाही. तुमच्या टेम्पोतून. तिची बोटं बघितलीस ना वाकडी झालेली? ती त्या संध्याकाळची आहेत. आणि तुम्ही अजून साधं साधं म्हणता!”

मग तो बोलला, आणि मी शंकरचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

“दोन वर्षं झाली, भावजी. दोन वर्षं मला नाय सांगितलं? माझी बाय नळी लावून पडली होती आणि मी तुम्हाला पेढा देत होतो, तेव्हापण नाय? मी काय परका होतो?”

“तिनेच सांगू नको म्हटलं होतं.”

“ती म्हणणारच. तुम्ही ऐकलं कशाला? मला कुठे ठाऊक होतं तिला इतकं होतं ते. तुम्ही म्हणाला गर्दीत नको, मी गर्दी नाय आणली. खोकणारा एकपण नको असं सांगितलं असतं, तर मी नितेशला एकट्याला सायकलवर पाठवला असता. त्यानंतर आम्ही किती वेळा आलो तुमच्याकडं? आई किती वेळा आली? तुम्ही चहा पाजत बसले आणि मनात शिव्या देत बसले काय?”

मी नेमकं तेच केलं होतं.

तो म्हणाला, “लेकराचं नाक थांबलं की येतो. आईला यातलं काय बोलत नाय, ते माझं मी बघतो.” आणि फोन बंद झाला. म्हणजे आता आईपासून लपवणाऱ्यांत तोही आला.

मी पडवीत गेलो. सुनंदाने सगळं ऐकलं होतं. ती चिकू उचलत होती, तळहात आणि अंगठ्यात धरून फिरवत होती, बारीक एकीकडे, मोठे दुसरीकडे. मी शेजारी बसून उगाच निवडू लागलो. मी बारकात टाकलेले दोन चिकू तिने उचलून मोठ्यांत टाकले. भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं.

चिकू निवडता निवडता ती म्हणाली, “सांगितलंत ते बरं झालं. मला काही जमलं नसतं.”

मी सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सोडून व्हायच्या आत तिने हातातला चिकू खाली ठेवला आणि माझ्याकडे वळली.

“पण तो टेम्पो बघितला तेव्हाच मला कळलं होतं काय होणार ते. आईला खोकताना मी खिडकीतून बघितलं आणि मग लुगडं नेसले. त्यांनी आणलं, त्यांनी आणलं करताय केव्हाचे. पुढे तर मीच गेले. त्या दिवशी फाटकात तुम्ही एवढ्या सगळ्यांना विचारलंत, खोकला आहे का म्हणून. मला एकदा तरी विचारलंत का, की तुला हळद लावायचीय का?”